घरदुरुस्ती: वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की पत्रांचा सूर गळतीकडे वळतो, त्यामुळे या वेळी सुरुवात तिथूनच करतो आहोत. एक विनंती. प्रश्न पाठवताना इमारतीचं वय, तुमचा मजला आणि भिंत कशाची आहे ते जरूर लिहा. वाशी-नेरूळकडच्या जुन्या चार मजली इमारतीला जो उपाय चालतो, तो घोडबंदर रोडवरच्या टॉवरला चालेलच असं नाही.

प्रश्न: आमच्या बाथरूमच्या छतातून बारा महिने पाणी ठिबकतं. वरच्या घरातले काका म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे. ठेकेदार म्हणतो, खालून भोकं पाडून भेगा बुजवणाऱ्या रसायनाचं इंजेक्शन देऊ, दोन दिवसांत काम. द्यावं का? आणि खर्च कोणी करायचा?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: इंजेक्शन इतक्यात देऊ नका. काका खोटं बोलत असतील असंही नाही. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरून वर लाद्या बसवतात. लाद्यांच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी या भरावात मुरून राहतं, वरून लादी कोरडीठाक दिसते, आणि पाणी स्लॅबमध्ये जिथे वाट मिळेल तिथून तुमच्याकडे उतरतं. म्हणून तुमच्याकडचा डाग आणि वरची गळती एकाच रेषेत असायला हवीत, असं काही नाही. खालून इंजेक्शन दिलं की एक भेग बुजते. भरावातलं पाणी तसंच राहतं, सळया गंजवत बसतं आणि दुसरी भेग शोधतं.

आधी ठिबक कधी येते ते पाहा. दिवसरात्र एकसारखी येत असेल तर संशय नळाच्या कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत गाडलेल्या पाइपावर, कारण त्यात कायम दाब असतो. आंघोळी झाल्यावर तासाभरात वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (सांडपाणी जाण्याच्या जाळीखालचं भांडं) किंवा लाद्या. फ्लश केल्यावरच येत असेल तर कमोडचा सांधा.

मग वरच्यांच्या संमतीने तीन चाचण्या करा, एका वेळी एकच. पहिली: त्यांच्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. एका रात्रीत निकाल लागत नाही, भरावात साठलेलं पाणी दोन-तीन दिवस ठिबकत राहतं. इथेच बहुतेक जण घाई करतात आणि पाइपाला निर्दोष ठरवून मोकळे होतात. दुसरी: खाण्याचा रंग कालवलेलं बादलीभर पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतायचं, लादीवर सांडू द्यायचं नाही. खाली रंग उतरला तर ट्रॅपचा सांधा गेला. तिसरी: ट्रॅपला प्लास्टिक आणि कापडाचा घट्ट बोळा लावून लादीवर इंचभर पाणी २४ तास साठवायचं. आता खाली ओल वाढली तर दोष लाद्यांच्या सांध्यात आणि खालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये.

दोष फक्त ट्रॅपचा असेल तर त्याच्या भोवतीच्या फूटभर लाद्या काढून ट्रॅप बदलता येतो. सांधे झिजले असतील आणि गळती नवी असेल तर जुनं ग्राउट, म्हणजे लाद्यांमधल्या फटींत भरलेला मसाला, तीन-चार मिलिमीटर खोल कोरून काढून इपॉक्सी ग्राउट भरून पाहावं. जुन्यावरच नवं फासलं तर महिन्याभरात सुटतं. पण वर्षभर मुरलेली गळती बहुधा या दोन्हींना दाद देत नाही. मग कोबा काढूनच काम करावं लागतं, आणि त्याचा क्रम चुकवायचा नाही.

लाद्या आणि भराव काढून स्लॅब तारेच्या ब्रशने साफ करायचा, भेगा व खड्डे पॉलिमर मॉर्टरने भरायचे. पाइप आणि ट्रॅप आधी बसवून घ्यायचे. कोटिंग झाल्यावर प्लंबरने छिन्नी लावली की केलेलं सगळं वाया. स्लॅब आणि भिंत जिथे मिळतात तो काटकोन सिमेंट-वाळूने दोन इंच गोलाई देऊन भरायचा, गवंडी याला वाटा मारणं म्हणतात. कोटिंग सर्वात आधी फाटतं ते वाटा नसलेल्या कोपऱ्यात. मग पृष्ठभाग ओलसर करून सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात द्यायचे, पहिला आडवा आणि दुसरा उभा. भुकटी व द्रवाचं प्रमाण पॅकवर असतं तेच वजनाने घ्या. मिस्त्री वरून पाणी घालत असेल तर थांबवा. कोटिंग भिंतीवर तयार लादीच्या पातळीपेक्षा फूटभर वर न्यायचं, शॉवरमागे सहा फूट. चार बाय सात फुटांचं बाथरूम आणि फूटभर खोल खड्डा धरला तर तळ २८ चौरस फूट आणि भोवतालची दोन फूट उंचीची पट्टी ४४, म्हणजे शॉवरची भिंत सोडून ७२ चौरस फूट. बाथरूमचा नुसता तळ मोजून माल आणणारा ठेकेदार भिंतीला कोटिंग करणार नाही, हे त्यावरून कळतं.

कोटिंग सुकलं की ट्रॅप बंद करून ४८ तास पाणी साठवायचं आणि खालच्या घरात जाऊन पाहायचं. ही चाचणी कोबा भरण्याआधी व्हायला हवी. नंतर केली तर दोष सापडूनही उपयोग नाही. खड्ड्याच्या तळाशी बाहेरच्या डक्टमध्ये निघणारा पाऊण इंची पाइपाचा तुकडा ठेवता आला तर जरूर ठेवा. उद्या लादीखाली पाणी गेलंच तर ते तिथून दिसेल, शेजाऱ्याच्या छतातून नव्हे. शेवटी लाद्यांचा उतार ट्रॅपकडे, सहा फुटांना साधारण एक इंच.

खर्चाचं असं: सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची. फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकमुळे होणारी गळती त्या त्या सदस्याने. तुमच्या बाबतीत वरच्यांनी. चाचण्यांचे फोटो तारखेसह ठेवा आणि संस्थेला लेखी अर्ज द्या, म्हणजे काकांशी वाद घालण्याची वेळ येणार नाही.

प्रश्न: घरून काम करण्यासाठी हॉलचा एक भाग जिप्सम बोर्डच्या भिंतीने वेगळा करायचा आहे. लांबी १० फूट, उंची ९ फूट. शेजारच्यांकडे अशाच भिंतीला सहा महिन्यांत सांध्यांवर चिरा पडल्या. आवाज अडेल का? टीव्ही टांगता येईल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: वजनाची काळजी नको. चार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह चौरस मीटरला साधारण २४० किलो भरते, ही त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

सामान असं लागेल. जमिनीला आणि छताला जी पत्र्याची चॅनल लागते ती दोन्ही मिळून २० फूट. उभे स्टड, म्हणजे पत्र्याचे खांब, दर दोन फुटांवर, म्हणजे दोन्ही टोकांसह सहा. दार असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक, आणि त्या स्टडच्या पोकळीत लाकडी पट्टी. बोर्ड १२.५ मिलिमीटर जाडीचा, सहा बाय चार फुटांचा. एका बाजूला ९० चौरस फूट म्हणजे चार बोर्ड, दोन्ही बाजूंना आठ. तुटफूट धरून नऊ आणा. २५ मिलिमीटरचे काळे ड्रायवॉल स्क्रू तीनशेच्या घरात. स्टडच्या मधल्या पोकळीत भरायला ५० मिलिमीटरचं रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर.

आवाज या रॉकवूलने अडतो, पण त्याहून जास्त फरक फटी बंद करण्याने पडतो. चॅनलखाली फोमची पट्टी न लावता भिंत उभी केली तर आवाज जमिनीलगतच्या फटीतून सरळ पलीकडे जातो, मग आत कितीही रॉकवूल कोंबा. स्विचबोर्डसुद्धा दोन्ही बाजूंना एकमेकांच्या पाठीला पाठ लावून घेऊ नका.

चिरा का पडतात? बहुतेक वेळा सांध्यावर कागदी टेप न लावता नुसती पुट्टी भरलेली असते, किंवा टेप लावून सांधे भरायच्या कंपाउंडचा पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलेला असतो. इथल्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, एकेका हाताला पूर्ण दिवस द्यावा लागतो आणि हात तीन लागतात. दुसरं कारण, आडवे-उभे सांधे एका ओळीत येऊन चौकाचौकात मिळालेले असतात. बोर्ड विटेच्या भिंतीसारखे सांधे चुकवूनच बसवायचे, आणि या बाजूचा सांधा ज्या स्टडवर आहे त्याच स्टडवर पलीकडच्या बाजूचा सांधा येऊ द्यायचा नाही. तिसरं, छताला बोर्ड घट्ट भिडवलेला असतो. स्लॅब उन्हापावसात किंचित हलतो. तिथे पुट्टी न भरता पाच-सहा मिलिमीटर फट ठेवून ॲक्रिलिक सीलंट भरावं, त्यावर रंग बसतो. स्क्रूचं डोकं कागदाच्या जरा आत जावं, कागद फाटू नये. फाटला की त्या स्क्रूची पकड गेली, बाजूला दुसरा मारा.

बोर्ड जमिनीपासून दहा मिलिमीटर वर उचलून बसवा आणि फट स्कर्टिंगने झाका. रोजच्या फरशी पुसण्याचं पाणी बोर्डाचा कागद खालून शोषून घेतो आणि वर्षभरात तळाशी बुरशी येते. सुतार हे सहसा सांगत नाही.

टीव्हीसाठी जागा आताच ठरवा. त्या जागी दोन स्टडच्या मध्ये १८ मिलिमीटरचं प्लाय आडवं बसवून स्टडला स्क्रूने पक्कं करायचं आणि मग बोर्ड लावायचा. भिंत तयार झाल्यावर आठवण झाली तर फक्त फोटो फ्रेमपुरते पोकळ भिंतीचे अँकर उरतात. ही भिंत पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला जिथे मिळते, तिथे शेवटचा बोर्ड ओलावारोधक, म्हणजे हिरव्या कागदाचा घ्या. पण आधीच ओल असलेल्या भिंतीवर तोही टिकणार नाही. ओल आहे की दमट हवेचं पाणी धरतं आहे, हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या मागे दिसले तर भिंत ओली, खोलीच्या बाजूला दिसले तर हवेतला ओलावा.

प्रश्न: नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. किचन आणि हॉलमधली भिंत काढायची आहे आणि बाथरूममध्ये नळाची जागा बदलायची आहे. गवंडी म्हणतो, भिंत पाडून देतो.
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: गवंड्याला थांबवा. तुमच्याकडच्या बऱ्याच टॉवरमध्ये मायवन पद्धतीचं बांधकाम आहे: ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओततात. तिथे बीम-कॉलम वेगळे दिसत नाहीत, कारण भिंतच कॉलमचं काम करते. अशी भिंत काढणं म्हणजे वरच्या सगळ्या मजल्यांचा आधार काढणं. एखादी भिंत हलक्या ब्लॉकची असू शकते. भोक पाडताना मऊ, पांढरट भुकटी आली तर ती ब्लॉकची असण्याचा संभव आहे. करडी भुकटी आली आणि ड्रिल अडखळलं तर काँक्रीट. पण या परीक्षेवर पाडापाडी करू नका. बिल्डरकडून स्ट्रक्चरल नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आणि सोसायटीची परवानगी, हे तिन्ही हातात हवं.

पाइपासाठी या भिंतीत खाच पाडायची नाही. आडवी तर नाहीच, सळई तुटते. पाइप भिंतीवरून न्या आणि समोर ओलावारोधक बोर्डाचा चार-पाच इंचांचा बॉक्स करून त्यावर लादी लावा. व्हॉल्व्हसमोर उघडणारं झाकण ठेवा. एसीच्या पाइपासाठी बहुतेक ठिकाणी स्लीव्ह, म्हणजे भिंतीतून आरपार जाणारी नळी, आधीच सोडलेली असते, ती नकाशात शोधा.

प्रश्न: तीस मजली टॉवरमध्ये आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. १५ लिटरच्या गिझरच्या व्हॉल्व्हमधून सतत पाणी ठिबकतं आणि अधूनमधून मेन स्विच पडतो. प्लंबर म्हणाला, व्हॉल्व्हला बूच लावून टाकू.
– एक वाचक, ठाणे

उत्तर: बूच कदापि नको. तो सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारा तो शेवटचा उपाय.

पाणी तापतं तेव्हा फुगतं. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण पाव लिटरभर वाढतं, आणि ते व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडणं ठीकच आहे. गिझर बंद आणि थंड असतानाही ठिबकत असेल तर दोन शक्यता. व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असेल: त्यावरची लहान दांडी दोन-चार वेळा उचलून पाणी जोरात जाऊ द्या. थांबलं नाही तर दाब जास्त आहे. पाण्याचा दाब बारमध्ये मोजतात, आणि दर दहा मीटर उंचीला एक बार दाब येतो. टाकी गच्चीवर आणि तुम्ही सहाव्यावर, म्हणजे मधले चोवीस मजले, सुमारे ७२ मीटर, सात बारच्या पुढे. अशा इमारतीत खालच्या मजल्यांच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो चालू आहे का हे सोसायटीच्या प्लंबरला विचारा. टाकी किती दाब सोसते ते गिझरवरच्या पट्टीवर एमपीएमध्ये (मेगापास्कल) वाचा: ०.८ एमपीए म्हणजे ८ बार. ०.६५ लिहिलं असेल तर तो गिझर त्या मजल्याचा नाही.

स्विच पडण्याचं वेगळं पाहावं लागेल. गिझर चालू करताक्षणी आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर हीटिंग एलिमेंटचं आवरण तडकून वीज पाण्यात उतरते आहे, एलिमेंट बदला. एमसीबी (वायरवर जास्त भार आला की पडणारा स्विच) दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल तर वायर किंवा सॉकेटची जोडणी तापते आहे. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतःचा एमसीबी आणि चालू अर्थिंग हवं. सॉकेट काळवंडला असेल तर तोही बदला. ज्या घरात आरसीसीबीच नाही तिथे तो ३० मिलिअँपिअरचा बसवून घेणं हे या स्तंभातलं सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाचं काम.

सोसायटीला टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर एलिमेंटवर क्षाराचा थर चढतो. वर्षातून एकदा तो खरवडून घ्या आणि त्याच वेळी आतला मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड पाहा, टाकीऐवजी तो स्वतः गंजतो. रॉड झिजून नुसती तार उरली असेल तर पुढची पाळी टाकीची. आणि २ किलोवॅटवर १५ लिटर पाणी तापायला अठरा-वीस मिनिटं पुरतात. तासभर चालू ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न: पाइप गॅस आला आहे. गॅस गिझर बाथरूममध्ये बसवला तर चालेल का? वर लहान खिडकी आहे.
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: नाही. बंद जागेत ज्वाला हवेतला प्राणवायू खाते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला ना रंग ना वास. हिवाळ्यात ती लहान खिडकीही आपण बंद करतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत बसवा, गरम पाण्याचा पाइप आत आणा. जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच.

प्रश्न: इमारत पस्तीस वर्षांची. बेडरूमच्या छताचं प्लास्टर पडलं, आत गंजलेल्या सळया दिसतात. प्लास्टर करून खाली फॉल्स सीलिंग करावं असा विचार आहे.
– एक वाचक, वाशी

उत्तर: फॉल्स सीलिंगने फक्त तुमचं लक्ष जाणं थांबेल. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. पुढचा तुकडा पडला तर सीलिंगसकट पडेल.

पलंग तिथून हलवा. हातोडीने आजूबाजूला ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो तेवढा सगळा भाग काढायचा आहे, दिसतो तेवढाच नव्हे. सळईच्या मागेही बोटभर जागा मोकळी व्हायला हवी. दिसणाऱ्या बाजूचा अर्धा गंज काढून मागचा तसाच ठेवला तर दोन पावसाळ्यांत तिथेच पुन्हा फुगवटा येतो. गंज तारेच्या ब्रशने लख्ख काढून सळईला गंजरोधक कोट द्यायचा. काँक्रीटवर बाँडिंग कोट लावायचा आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर दाबून भरायचं: सिमेंट ५ किलो, वाळू १५ किलो, पॉलिमर १ किलो. वाळू समुद्राकडची किंवा खाडीची नको, तिच्यातलं मीठच सळई खातं. छताला एका वेळी १० ते १५ मिलिमीटरच थर, जाड भरला तर स्वतःच्या वजनाने सुटतो. दोन इंचांहून खोल खड्डा असेल तर मॉर्टर नव्हे, साचा लावून मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचं ओतता येणारं काँक्रीट.

सळई नजरेला बारीक झालेली दिसत असेल, किंवा बीमच्या लांबीच्या दिशेने चीर असेल, तर गवंड्याचं काम संपलं; खाली टेकू लावून इंजिनिअरला बोलवा. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमचं शेवटचं कधी झालं, हे सचिवांना लेखी विचारा. आणि वरच्यांचं बाथरूम त्या छतावर येतं का तेही पाहा. येत असेल तर पहिलं उत्तर वाचून त्यांची गळती आधी थांबवा.

प्रश्न: स्लायडिंग खिडकीतून पावसात पाणी आत येतं. दोनदा सिलिकॉन मारलं, उपयोग नाही.
– एक वाचक, खारघर

उत्तर: बाहेरच्या ट्रॅकला खालच्या बाजूने लांबट भोकं असतात, ट्रॅकमध्ये पडलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी. ती धुळीने किंवा गवंड्याच्या व्हाइट सिमेंटने बुजलेली असतात, आणि पुष्कळदा सिलिकॉन मारणारा ‘भोक दिसलं’ म्हणून तीच बंद करून जातो. तार घालून मोकळी करा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर पडलं पाहिजे. मग खालची ग्रॅनाइटची पट्टी पाहा. उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि पुढे आलेल्या कडेखाली खाच हवी, नाहीतर पाणी पट्टीच्या पोटाखालून भिंतीकडे परत येतं.

फ्रेम आणि भिंतीमधला सांधा बाहेरून भरायचा, आतून नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण कापून काढा, सांधा कोरडा करा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंट आणि ग्रॅनाइटला नीट धरत नाही. न्यूट्रल प्रकारचं, बाहेरच्या कामासाठीचं घ्या. हे काम पाऊस सुरू होण्याआधी, सलग दोन कोरडे दिवस बघून करा. वरच्या मजल्यावर असाल तर दोरीवर काम करणारी माणसं सोसायटीमार्फतच बोलवा, आणि दुसऱ्या दिवशी सीलंट सुकल्यावर पाइपाने पाणी मारून दाखवल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.